ओर्व्हिएतो दुसऱ्यांदा: आधी खडकाच्या पोटात, मग कॅथेड्रल

ओर्व्हिएतो हे इटलीतलं, रोमच्या उत्तरेला कड्यावर वसलेलं जुनं गाव. पहिल्या फेरीत बहुतेक जण तिथलं कॅथेड्रल बघतात, जेवतात आणि रोमची परतीची गाडी पकडतात. दुसऱ्यांदा जात असाल तर क्रम उलटा करा. कॅथेड्रलचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, त्यामुळे त्यावरचं सोनेरी मोझेक ऊन कलल्यावरच उजळतं. सकाळी ते सावलीत असतं. सकाळ विहिरीला आणि भुयारांना द्यावी.

रोमहून रेजिओनाले (प्रादेशिक) गाडीने साधारण सव्वा ते दीड तास लागतो. तिकीट कागदी असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर पैसे भरूनही वर दंड बसतो. स्टेशनासमोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे आहे. १८८८ साली सुरू झाली तेव्हा ती पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर चालते. वर उतरल्यावर सगळी गर्दी कॅथेड्रलच्या बसकडे पळते. तुम्ही पळू नका, विहीर तिथेच दोन-तीन मिनिटांवर आहे.

१५२७ मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप सातवे क्लेमेंट इथे आश्रयाला आले. वेढा पडला तर पाण्याचं काय, या धास्तीने त्यांनी ‘पोत्सो दी सान पात्रीत्सिओ’ ही विहीर खोदायला लावली. आराखडा वास्तुकार धाकट्या आंतोनिओ दा सांगाल्लोचा. खोली सुमारे ५३ मीटर, भोवती दोन गोल जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्या: एकाने रिकामी खेचरं उतरायची, दुसऱ्याने पखाली घेऊन चढायची, मध्ये कुठे समोरासमोर येणं नाही. पायऱ्या रुंद आणि कमी उंचीच्या आहेत त्या खेचरांसाठीच. उतरताना भिंतीकडे लक्ष असू द्या. वर विहीर सरळ टफ खडकात (ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडात) कोरली आहे; खाली चिकणमाती लागली, म्हणून तिथे विटांचं बांधकाम. लिफ्ट नाही. गुडघे दुखरे असतील तर वरून डोकावून परत फिरण्यात कमीपणा नाही.

हाच टफ मऊ, म्हणून गावाखाली बाराशेहून जास्त गुहा खोदलेल्या आहेत. त्यांची मुख्य सफर गाइडबरोबरच होते आणि कॅथेड्रलच्या चौकातून निघते. इंग्रजी फेरीची वेळ पोचल्या पोचल्या विचारून ठेवा. भिंतीभर चौकोनी कोनाडे दिसतील: ही कबुतरखान्याची घरटी. कबुतरं खिडकीतून बाहेर जाऊन चरून यायची, म्हणजे मांस जवळजवळ फुकट. मधल्या एका जिन्यात अंगाला भिंती घासतात. कोंदट जागेची भीती असेल तर आधीच सांगा.

जेवण अडीचच्या आत उरका, नंतर बहुतेक स्वयंपाकघरं रात्रीपर्यंत बंद. शाकाहाऱ्यांना उंब्रिकेल्ली बरी. ही जाड पास्ता सहसा फक्त कणीक-पाण्याची असते. तरी अंडं नाही ना, ते विचारा. ट्रफलबरोबर (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी) मागवा. पेकोरीनो या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये सहसा प्राणिज रेनेट (दूध घट्ट करणारा, जनावराच्या जठरातला पदार्थ) असतं, चालत नसेल तर वगळायला सांगा.

मग कॅथेड्रल. खांदे झाकलेले हवेत. आत सान ब्रित्सिओच्या चॅपेलसाठी (छोट्या प्रार्थनागृहासाठी) निवांत अर्धा तास ठेवा. चित्रकार लुका सिन्योरेल्लीने १४९९ पासून इथे प्रलय आणि अंतिम न्याय रंगवला. ख्रिस्तविरोध्याच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांत उभा आहे तो स्वतः सिन्योरेल्ली. मागे फ्रा आंजेलिको, ज्याने छताचं काम १४४७ मध्ये सुरू करून अर्धवट सोडलं होतं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा दुपारनंतरच जा.

गाडी घेऊन येणाऱ्यांनी ती कड्याखाली काम्पो देल्ला फिएराच्या वाहनतळावर लावावी. तिथून सरकते जिने आणि लिफ्ट गावात नेतात. जुन्या गावात परवान्याशिवाय गाड्यांना बंदी आहे; नुसता नकाशा पाहून गाडी घातली तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र भाड्याची गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येतं.