आईच्या नोकरीचं काय सांगायचं?

कराडहून मावशीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई कामावर गेली का गं?" माझं उत्तरही ठरलेलं, "हो, ऑफिसला गेलीय." कसलं ऑफिस, हे तिने कधी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

आई मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका युवा मानसिक आरोग्य केंद्रात 'फॅमिली पीअर वर्कर' आहे, म्हणजे तिथे येणाऱ्या मुलांच्या घरच्यांना आधार देते. ती डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. नोकरीच्या जाहिरातीतली मुख्य अट आम्ही घरात दोनदा मोठ्याने वाचली होती: तरुण मुलाच्या मानसिक आजारपणात त्याला सांभाळल्याचा स्वतःचा अनुभव हवा. जी गोष्ट आम्ही कराडच्या कानावर जाऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, तीच इथे अर्जात सगळ्यात वर लिहायची होती. आई कराडला शिक्षिका होती, इथे आल्यावर पाळणाघरात काम करायची. त्या दोन्ही अनुभवांना त्या अर्जात दुय्यम जागा मिळाली.

माझा धाकटा भाऊ अकरावीत शाळेत जाईनासा झाला. (हे त्याला विचारून लिहितेय. त्याने मसुदा वाचला आणि दोन ओळी खोडल्या.) आधी आम्ही त्याला आळशी म्हटलं. मग मोबाइलला दोष दिला. आईने मीठ-मोहरीने दृष्टही काढली आणि धुराचा अलार्म वाजला. शेवटी फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. इथे डॉक्टर एक योजना लिहून देतात, तिच्यावर वर्षाला मानसोपचाराच्या दहा भेटींचे पैसे मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेकडून काही अंशी परत मिळतात. दहा भेटी म्हणजे महिन्याला एकसुद्धा नाही. परदेशात सगळं आलबेल असतं असं वाटणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतेय.

पहिल्या भेटीला आई बाहेर बसली होती. दार उघडल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाला तो?" उत्तर आलं, ते तोच सांगेल, त्याला वाटेल तेव्हा. आई गाडीत रडली. "मी आई आहे त्याची. परक्या बाईला सांगतो नि मला नाही?" आज केंद्रात येणारे आईवडील हाच प्रश्न घेऊन तिच्यासमोर बसतात. भारतीयच नाही, व्हिएतनामी, सुदानी, अगदी इथले गोरे आईबापसुद्धा. ती नियम समजावत बसत नाही. आपण गाडीत रडलो होतो, ते सांगते.

ऑस्ट्रेलियात 2006 पासून 'हेडस्पेस' नावाची केंद्रं आहेत, 12 ते 25 वयाच्या मुलांसाठी. हे वय वाऱ्यावर ठरवलेलं नाही. मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पंचविशीच्या आतच सुरू होतात, आणि नेमकं अठराव्या वर्षी मूल बालविभागातून बाहेर पडून मोठ्यांच्या गर्दीत हरवायचं. ही फट बुजवायला हवी म्हणून भांडणारे मेलबर्नचे मनोविकारतज्ज्ञ पॅट्रिक मॅगॉरी 2010 साली 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाले. मनोविकारतज्ज्ञाला देशाचा असा मान मिळतो, याचं आईला फार कौतुक वाटलं. पुढे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, 2021 च्या अहवालात सांगितलं की ज्यांच्यावर हे गुदरलंय, त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना या व्यवस्थेत कामाला घ्या, निर्णयातही घ्या. आईसारख्यांच्या नोकऱ्यांना त्याने बळ मिळालं.

तिचं खरं कसब मात्र भाषेत आहे. दुभाषा 'अँग्झायटी'ला 'काळजी' म्हणतो, की समोरचे वडील हसतात, "काळजी काय, आम्हालाही असते." 'नैराश्य' म्हटलं तर बातम्या ऐकल्यासारखं वाटतं. आई विचारते, "जेवताना ताटाकडे बघतो का? आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं? मित्रांचे फोन उचलतो का?" मग बाबा बोलायला लागतात.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी इथे 'आर यू ओके?' दिवस असतो, एकमेकांना 'बरा आहेस ना?' असं विचारायचा. गॅव्हिन लार्किन नावाच्या माणसाने वडिलांना आत्महत्येत गमावलं होतं, त्यातून 2009 साली त्याने हा सुरू केला. 2024 मध्ये तो दिवस नेमका गणपतीत आला. आईने मंडळाकडे आरतीआधी पाच मिनिटं मागितली. सणासुदीला असले विषय नकोत, असं उत्तर आलं. तिने वाद घातला नाही. केंद्राचा बिल्ला साडीवर लावला आणि प्रसादाच्या टेबलामागे उभी राहिली. तिथे मोदक संपेपर्यंत तीन बायका हळूच येऊन बोलून गेल्या. तिघींच्याही 'मैत्रिणीच्या मुलाचा' प्रश्न होता. आई अशा वेळी मैत्रीण कोण हे विचारत नाही. शेवटपर्यंत मैत्रिणीच्याच मुलाबद्दल बोलते, आणि निघताना म्हणते, "मैत्रिणीला सांगा, तिनेही जरा झोप घ्यावी."

मला तिचा रागही येतो कधीकधी. दिवसभर अनोळखी मुलांच्या आईबापांचं ऐकून घरी येते आणि मी बोलायला लागले की भांडी आवरत हं हं करते. भाऊ म्हणतो, "अपॉइंटमेंट घे."

गेल्या महिन्यात मावशीचा फोन अवेळी आला. तिकडे पहाट असणार. "ताई आहे का घरात? तिच्या त्या ऑफिसचं जरा विचारायचं होतं." म्हणजे मावशीला माहीत होतं. कधीपासून, देव जाणे. आईने फोन घेतला, मागच्या अंगणात गेली आणि काचेचं दार ओढून घेतलं. चाळीस मिनिटं ती जवळजवळ काहीच बोलली नाही. मध्येच आत येऊन तिने पेन मागितलं आणि विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून आकडे एकेक करून सांगितले: 14416, टेलीमानस या भारतातल्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. मराठीतही बोलतात, चोवीस तास असतो, पैसे लागत नाहीत.

आत आल्यावर गार झालेला चहा तिने तसाच प्यायला.

"कोणासाठी होता गं फोन?"

"मावशीच्या शेजाऱ्यांची मुलगी आहे. लातूरला नीटची तयारी करते."

कुठल्या शेजाऱ्यांची, हे तिने विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही.