लिंबू काढलं, पानं टिकली: मातोळीच्या चिक्कीचा नववा घाणा

मातोळी म्हणजे गोव्यात गणेशचतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगून सजवतात ती लाकडी चौकट. तिच्यात टांगायला काजू-खोबऱ्याच्या चिक्कीची साच्यातली पानं करतोय. सकाळी कडकडीत आणि दिवेलागणीला चिकट, हा आठ घाण्यांचा तिढा सुटला. नवव्या घाण्यातली पानं डब्यात सहा दिवस आहेत. मोडताना अजून टक् आवाज येतो आणि शिरांची नक्षी जशीच्या तशी आहे.

आतापर्यंत सगळा संशय खोबऱ्यावर होता. ओल्या नारळाचा कीस कितीही भाजला तरी आत ओल राहते, म्हणून सहाव्या घाण्यापासून सुकं खोबरं घेतलं. फरक पडला, पण थोडाच. कडेला पाकाचे बारीक थेंब जमायचे, अंगठा टेकवला की ठसा उठायचा. पाक १४६ वरून १५० अंशांवर नेला, तरी तेच.

खरा चोर लिंबू निघालं. पाकाची परत साखर होऊ नये म्हणून अर्धं लिंबू पिळत होतो. आंबटामुळे उकळत्या पाकातली साखर फुटते, तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. यातलं फ्रुक्टोज हवेतलं पाणी फार पटकन ओढतं, आणि गोव्यात ऑगस्टच्या हवेत पाण्याला तोटा नाही. गुळात ही फुटलेली साखर मुळातच असते. म्हणूनच माडाच्या गुळाचा पाचवा घाणा सगळ्यांत आधी पाघळला. चव मात्र त्याचीच सरस होती.

आता लिंबाऐवजी लिक्विड ग्लुकोज, म्हणजे स्टार्चपासून केलेला घट्ट पाक. पाकाची परत साखर तेही होऊ देत नाही. तेही थोडं पाणी ओढतं, पण फुटलेल्या साखरेइतकं नाही. प्रमाण असं: साखर २०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज ६० ग्रॅम, पाणी ६० मिली, काजूपाकळी १२० ग्रॅम, भाजलेला सुक्या खोबऱ्याचा कीस ५० ग्रॅम, तूप दोन चमचे, चिमूटभर मीठ. उकळी आली की डाव घालायचा नाही. पातेल्याच्या कडेचे साखरेचे दाणे ओल्या ब्रशने खाली उतरवायचे. १५० अंशांना आच बंद, मग तूप, मीठ, काजू, शेवटी खोबरं. काजू आणि खोबरं गरमच हवं. गार घातलं तर पाक जागच्या जागी आळतो आणि गुठळ्या होतात.

थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासा. किनारपट्टीवर तो १०० दाखवायला हवा. आमचा ९७ दाखवत होता, म्हणजे १५० साठी काटा १४७ वर थांबवायचा.

लाटायला ग्रॅनाइटचा ओटा नको, तो उष्णता शोषून घेतो. सिलिकॉनच्या मॅटवर ४ मिलिमीटर जाडी, वर तूप लावलेला बटर पेपर. स्टीलचा साचा दाबायला मिनीट-दीड मिनीटच मिळतं. कडक झालंच तर १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन मिनिटं. अख्ख्या काजूवर पैसे घालू नका: साचा त्यावर अडतो आणि कड तुटते. पाकळी सपाट बसते.

गार होताच, अगदी दहा मिनिटांत, सेलोफेनमध्ये बंद. कोमट असताना बांधलं तर आत घाम धरतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या खाद्यपदार्थांसाठीच्या, पांढऱ्या घ्या. म्हापशाच्या एका दुकानाने निळे दाणे दिले होते. निळ्या रंगासाठी बहुधा कोबाल्ट क्लोराइड वापरतात, ते खाण्याजवळ नको. परत केले.

मातोळीत उघडी पानं टांगायचा बेत मात्र सोडला. हवेत ठेवलेलं एक पान नव्या पाकाचं असूनही दुसऱ्या दिवशी मऊ पडलं. चवथीला सेलोफेनमधलीच पानं, दोऱ्याने बांधून.

हे लिहितानाच सुचलं: गरम चिक्की तूप लावलेल्या वाटीच्या पाठीवर पसरली तर तिचीच वाटी होईल. आतून वितळलेल्या कोको बटरचा हात फिरवला की सारणातली ओल चिक्कीत सहज शिरणार नाही, मग माडाच्या गुळाचं सारणही भरता येईल. दहावा घाणा त्याचाच. चिक्कीचं नाताळचं नक्षत्र मात्र डिसेंबरच्या कोरड्या हवेत.