सूर्यास्तापर्यंतचे स्टेशन

शिकागोत गाडी चालवताना माझे बोट आपोआप रेडिओच्या डाव्या टोकाकडे जाते. अमेरिकेत एफएमचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा अव्यावसायिक स्टेशनांसाठी राखून ठेवलेला आहे आणि मोठ्या शहरात तिथे एखादे तरी ख्रिस्ती स्टेशन हमखास लागते. येशूचे नाव येण्याआधीच, अवघ्या तीन सेकंदांत, मी ते ओळखतो आणि या विद्येचा मला उगीचच अभिमान आहे. निवेदकाच्या आवाजात एक न मावळणारे हसू असते. गाणे कोणा ‘तू’ला उद्देशून चाललेले असते आणि दोन कडवी उलटली तरी कोणी कोणाला सोडून गेलेले नसते, तेव्हा तो ‘तू’ देवच असणार. एक तक्रार मात्र आहे. या गाण्यांत देवाशी कोणी भांडत नाही. विठोबाला तोंडावर सुनावणाऱ्या तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या कानांना इतका समजूतदारपणा जरासा अळणी लागतो.

यातले माझे आवडते स्टेशन मात्र एफएमवरचे नव्हते. मूडी बायबल इन्स्टिट्यूटने १९२६ साली शिकागोत डब्ल्यूएमबीआय सुरू केले. त्या अक्षरांतली शेवटची तीन संस्थेचीच आद्याक्षरे आहेत. एफएमवर ते रात्रंदिवस चाले, पण १११० किलोहर्ट्झवरच्या त्याच्या जुन्या मध्यम लहरींच्या स्टेशनाला परवाना होता तो फक्त दिवसापुरता. अंधार पडला की मध्यम लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून शेकडो मैल दूर जातात आणि त्याच आकड्यावरच्या ओमाहा व शार्लट या शहरांतल्या बलाढ्य स्टेशनांत लुडबूड करतात, म्हणून याने सूर्यास्ताला गप्प बसायचे. जूनमध्ये साडेआठपर्यंत मुभा, डिसेंबरात साडेचारच्या सुमारासच निरवानिरव. जगाच्या अंताबद्दल बोलणाऱ्याला रोजच्या सूर्यास्ताचा हुकूम पाळावा लागतो, याची मला मोठी गंमत वाटे.

तिकडे भारतात आमच्या घरी याच्या नेमके उलटे होते. श्रीलंकेतल्या पुत्तलमहून ट्रान्स वर्ल्ड रेडिओ या ख्रिस्ती प्रसारण संस्थेचे ८८२ किलोहर्ट्झवरचे प्रक्षेपण आमच्यापर्यंत पोहोचायचे ते दिवेलागणीनंतरच. आजोबा पक्के माळकरी. तरी जेवण झाल्यावर ते कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर फडताळावर ठेवत आणि आवाज बुडू लागला की काट्याला हात न लावता अख्खा ट्रान्झिस्टरच हळूहळू फिरवत. कधी त्याचे तोंड भिंतीकडे होई, कधी देव्हाऱ्याकडे. एका विशिष्ट कोनात हिंदीतला उपदेशक लख्ख ऐकू येई, मग कोणी त्या फळीजवळून चालायचेही नाही. ‘आता हे काय नवीन?’ असे आजीने विचारले की ते म्हणत, ‘अगं, बोलतोय चांगलं. ऐकू दे की.’ बहुधा त्यांना उपदेशापेक्षा तो कोन सापडण्यातच अधिक रस असावा. माझे मत असे, आजीचे वेगळे होते.

डिसेंबरातल्या एका दुपारी, दुपार म्हणायची इतकेच, घराकडे परतताना १११० वर एक प्रवचन ऐकत होतो. ते आटोपले, स्टेशनाचे नाव सांगून झाले आणि मागे नुसती खरखर उरली. बंद करायला हात पुढे केला, तोच त्या खरखरीतून हळूहळू दुसराच एक माणूस वर येऊ लागला. ओमाहा. तिथे सूर्य अजून मावळायचा होता. घर आले होते, दारातला दिवा लागलेला दिसत होता. तरी ज्या शहरात मी कधी पाऊल ठेवलेले नाही तिथली वाहतूक कोंडी सुटेपर्यंत मी गाडीतच बसून राहिलो.