कानातले प्लग

बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर म्हणून जाते. त्या दिवशी आयटीआय झालेला 24 वर्षांचा मुलगा आईसोबत तपासणीला आला. जन्मापासून कर्णबधिर. जागा प्रेस शॉपमधल्या, म्हणजे मशीनने पत्रा दाबून भाग बनवतात त्या विभागातल्या, इन्स्पेक्शन टेबलची; तिथे तयार भाग तपासतात. एचआरचे साहेब आधीच सांगून गेले होते, "मॅडम, अनफिट लिहून टाका. फोर्कलिफ्टचा हॉर्न, आगीचा सायरन ऐकू येणार नाही. उद्या काही झालं तर?"

भीती खोटी नव्हती. तासाभरापूर्वीच मी एका क्रेन ऑपरेटरला क्रेनवरून उतरवलं होतं. महिन्यापूर्वी त्याला फिट आली होती. क्रेनखाली माणसं वावरतात, तिथे इलाजच नव्हता. जमिनीवरचं काम द्या, असं लिहिलं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही काम नाकारायला एवढीच वाट ठेवतो: हेतू रास्त हवा, आणि नकार त्या हेतूला गरजेपुरताच हवा. पण या मुलाच्या बाबतीत तशी गरज आहे का, हे माझ्या टेबलावर बसून कसं कळणार?

मी त्याला घेऊन प्रेस शॉपमध्ये गेले. दर ठोक्याला फरशी हादरत होती. 8 तासांसाठी आवाजाची मर्यादा 90 डेसिबल. तिथे त्याहून जास्त, म्हणून सगळ्यांच्या कानात नारिंगी प्लग. मुलगा जरा वेळ बघत राहिला. मग माझ्या बाहीला हात लावून त्याने एका कामगाराच्या कानाकडे बोट दाखवलं, नंतर स्वतःच्या.

मी फोर्कलिफ्टवाल्याला हॉर्न वाजवायला लावला. टेबलावरच्या चौघांपैकी कुणीही मान वर केली नाही.

मी लिहिलं: या जागेसाठी फिट. सायरनला जोडलेला फिरता लाल दिवा टेबलासमोर लावावा, आणीबाणीत सोबतीला एक माणूस ठरवून द्यावा. साहेबांनी दिव्याच्या खर्चाचं विचारलं. कंपनीनेच करायचा, म्हटलं.

बाहेर आई थांबली होती. "लोकं त कागद पाहूनच वापस पाठवते, मॅडम. तुम्ही त्याले मशीनपाशी नेलं."

तो रुजू झाला. पुढच्या फायर ड्रिलला दिवा फिरला आणि अख्खं टेबल एकदम उठलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या लाइनचे दोघं दवाखान्यात आले, "मॅडम, आमच्याकडे बी एक दिवा लावाले सांगा न."