हुमणीवर उतारा म्हणून आणलेला बेडूक

मे महिन्यात तीन आठवडे गावाकडं जाऊन आलो. आमचं गाव वाळवा तालुक्यात, एस्टीतनं उतरलं की दोन्ही बाजूला ऊस आणि मधे रस्ता, बाकी सांगण्यासारखं काय नाही. मी राहतो ते इनिसफेल, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या उत्तरेला, तिथंपण दोन्ही बाजूला ऊस आणि मधे रस्ता, त्यामुळं आईला अजून वाटतं की हा एवढं विमानाचं भाडं भरून नक्की कुठं गेलाय. तिकडं जूनला ऊसतोड सुरू होते आणि मी हार्वेस्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपमधे, म्हणून मे मधे रजा मागितली की मालकाचं तोंड वाकडं होतं, पण वळीव चुकवायचा नाही हे माझं ठरलेलं आहे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वळीव झाला. तासभर धो धो, मग एकदम शांत, मातीचा वास, लाईट गेलेली. आण्णा अंगणातनंच ओरडले, "आरं बॅटरी घे अन् चल, भुंगं निघालं बघ."

पुण्यामुंबईच्या लोकांसाठी दोन ओळी सांगतो, बाकीच्यांनी पुढं जावा. हुमणी म्हणजे जमिनीत अंगठ्याएवढी पांढरी, मुडपून पडलेली अळी, तोंडाकडं तांबडी. ती उसाच्या मुळ्या खाते, ऊस वरनं पिवळा पडतो आणि हातानं ओढला तर गाजरासारखा वर येतो. तिचे भुंगेरे पहिल्या वळवाला जमिनीतनं बाहेर पडतात आणि तिन्हीसांजेला कडुलिंबावर, बाभळीवर जमतात, तिथं पाला खातात, तिथंच जोड्या जमतात, मग माद्या परत जमिनीत जाऊन अंडी घालतात. म्हणजे हातात येतात ते हेच चार दिवस. आमच्या विहिरीवरच्या कडुलिंबाखाली दादानं ताडपत्री पसरली, आकडीनं फांदी धरून गदागदा हलवली, आणि तो आवाज मी सात वर्षं परदेशात राहूनपण विसरलो नाही, ताडपत्रीवर गारा पडल्यासारखा टपटपटपटप. मी आणि पुतण्या खाली बसून मुठीनं गोळा करून रॉकेलच्या पाण्याच्या बादलीत टाकत होतो. बोटाला ते पाय असे चिकटून राहतात की झटकलं तरी सुटत नाहीत.

आण्णा विडी पेटवून म्हणाले, "तुमच्याकडं बी ऊस हाय न्हवं, मग हुमणी असंल की. ती लोकं काय करत्यात?"

तर ही सगळी पोस्ट म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे, त्या रात्री तुकड्या तुकड्यात दिलेलं, इथं जरा नीट लिहितो.

हुमणी तिकडंपण आहे, भावकीतलीच म्हणा, भुंगेऱ्याची पाठ करडी एवढाच फरक. शंभर वर्षांपूर्वी तिनं तिथल्या शेतकऱ्याला अगदी जेरीस आणलं होतं. मग १९३५ साली ऊस संशोधनवाल्यांनी हवाईवरनं १०२ बेडूक मागवले. केन टोड नाव त्याचं, म्हणजे उसातला बेडूक, मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. हवाईत हे किडे खातात असं ऐकलेलं. एक वाटेत मेला, १०१ पोचले, त्यांची पैदास केली आणि त्याच ऑगस्टमधे सुमारे २४०० पिल्लं केर्न्स, गॉर्डनव्हेल आणि आमच्या इनिसफेलच्या आसपास सोडून दिली. वॉल्टर फ्रोगॅट नावाचे एक निवृत्त कीटकशास्त्रज्ञ होते, ते ओरडून सांगत होते की हे करू नका, हा प्राणी नंतर आवरणार नाही. थोडे दिवस सोडायला बंदीपण आली. १९३६ ला ती उठली.

आता गंमत बघा. भुंगेरा बसतो झाडाच्या शेंड्याला नाहीतर उसावर उंच, आणि हा बेडूक म्हणजे गोणीसारखा जड, ह्याला धड उडी मारता येत नाही. अळी जमिनीत, तिथं हा पोचत नाही. दिवसा ह्याला सावली आणि ओल लागते, कोवळ्या उसाच्या रानात ती नाही, म्हणून हा रान सोडून घरं, गटारं, ओढे असं बघून पसरला. हुमणी होती तिथंच राहिली. भुंगेरे तो खातो, नाही असं नाही, पण माझ्या व्हरांड्यातल्या दिव्याखाली बसून खातो! पावसाळ्यात रोज रात्री पाच सहा जण दिव्याखाली गोल करून बसलेले असतात, पंगतीला बसल्यासारखे, वरनं भुंगेरा पडला की जीभ बाहेर. पहिल्या वर्षी मी अंधारात चप्पल समजून एकावर पाय दिला. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

खरा घोळ त्याच्या विषाचा. डोळ्यांच्या मागं खांद्यावर दोन फुगीर गाठी असतात, दाबलं की दुधासारखं पांढरं येतं. आपल्याकडं बेडूक म्हणजे सापाचं जेवण, पण तिथल्या सापांनी, घोरपडीच्या जातीच्या प्राण्यांनी, क्वोल म्हणून मांजराएवढा ठिपक्याचा एक प्राणी आहे त्यानं, असला विषारी बेडूक पिढ्यान् पिढ्या बघितलेलाच नाही. खाल्ला की मेला. एक मादी एका वेळी आठ हजारांपासून तीस हजारांपर्यंत अंडी घालते, पाण्यात काळ्या मण्यांच्या माळेसारखी. अशानं चालत चालत २००९ ला तो खंडाच्या पार पश्चिमेच्या राज्यात पोचला. कावळ्यांनी मात्र त्याला ओळखलं. तिकडचे कावळे बेडकाला उलटा पाडतात आणि पोटाकडनं फोडून आतलं तेवढंच खातात, पाठीला चोच लावत नाहीत. हे मी सांगितलं तेव्हा आण्णांनी विडी खाली ठेवली. म्हणाले, "कावळाच तो. घास शिवतानासुद्धा इच्यार करतो."

माझे शेजारी एक म्हातारे शेतकरी आहेत, त्यांचे वाडवडील इटलीतनं ऊस तोडायला आलेले, म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यातनं टोळ्या येतात तसे, फक्त बोटीनं. आता सगळी हार्वेस्टरची तोड आणि म्हातारबा पन्नास एकराचे मालक. दर पावसाळ्यात रात्री जेवल्यावर ते हातमोजे घालून बॅटरी घेऊन बेडूक धरायला निघतात. मीपण जातो, कारण आमच्या कुत्रीनं एकदा असला बेडूक तोंडात धरला होता, तोंडाला फेस, हिरड्या लालभडक, पाय थरथरायला लागले, बायको नर्स आहे म्हणून तिनं घाबरून न जाता ओल्या फडक्यानं सारखं तोंड पुसून काढलं आणि डॉक्टरकडं पळालो. वाचली. तर म्हातारबा ते बेडूक पिशवीत घालून आधी फ्रीजमधे ठेवतात, गारठून सुस्त झाले की मग फ्रीझरमधे. गॅरेजमधे त्यांचा एक जुना फ्रीझर आहे. पहिल्यांदा मला त्यांनी आईस्क्रीम काढायला पाठवलं आणि मी चुकून खालचा कप्पा उघडला. तेव्हापासून त्यांच्याकडं आईस्क्रीम नको म्हणतो, शुगर आहे असं सांगितलंय.

आता साळुंकीचं सांगतो. हे मी आईसमोर बोललो नव्हतो, इथं लिहितोय, ती वाचत नाही.

एकदा सकाळी म्हातारबांच्या परसात गेलो तर ओळखीचा आवाज. आपल्या वळचणीला जी किचकिच, टिर्र, मधेच शीळ असते ना, अगदी तीच. बघतो तर जाळीचा पिंजरा, दोन खोल्यांचा, पहिल्या खोलीत कुत्र्याचं बिस्कीट टाकलेलं, खात खात पुढच्या खोलीत जायला वाट आहे आणि परत यायला नाही. आत दोन साळुंक्या. पिवळी चोच, डोळ्यामागं पिवळी पट्टी, तपकिरी अंग, आमच्या गोठ्यावरनं उचलून आणून ठेवल्यासारख्या. म्हातारबा हसत म्हणाले, ही बघ तुझ्या गावाकडची मंडळी. तिकडं नावच इंडियन मायना. झाडाच्या ढोलीत तिथल्या पोपटांची घरटी असतात, ह्या त्यांना हाकलून स्वतःचं बिऱ्हाड थाटतात, म्हणून लोकांचा राग, काही ठिकाणी कौन्सिल असे पिंजरे वापरायला देतं.

आणि ह्यांना तिथं नेलं कशाला? उत्तर क्वीन्सलँडच्या उसात ह्या सोडल्या १८८३ साली, टोळ आणि उसातले किडे खायला! म्हणजे बेडकाच्या आधी बावन्न वर्षं हाच प्रयोग करून झाला होता. बरं, त्या माणसांना मी येडंपण म्हणू शकत नाही, कारण आमच्या रानात नांगर चालला की मागनं साळुंक्या आणि बगळे रांगेनं हुमणी वेचत चालतात, हे मी लहानपणापासून बघतोय. दिसतं तसंच आहे. फक्त नांगर रोज चालत नाही, आणि साळुंकीला घरं, कचरा, कुत्र्याची बिस्किटं जास्त सोयीची पडतात.

एक साळुंकी जाळीला चोच लावून माझ्याकडं मान तिरकी करून बघत होती. म्हातारबा पिंजरा उचलून शेडच्या मागं घेऊन गेले. मी तिकडं गेलो नाही आणि काय केलं ते विचारलंपण नाही. दुपारी आईचा फोन, काय चाललंय, म्हटलं काय नाही.

त्या रात्री कडुलिंबाखाली दादाला मात्र ह्या कशात रस नव्हता. त्याला डुकराचं ऐकायचं होतं. गेल्या हंगामात रानडुकरांनी त्याचा दहा गुंठे भुईमूग एका रात्रीत उकरून टाकला, आता तो शेताभोवती वहिनीच्या जुन्या साड्या बांधतो आणि माळ्यावर झोपतो. फटाके, डबे, सगळं करून झालं. शेजारच्या गावात कुणीतरी कुंपणात करंट सोडला होता, तसलं करू नकोस म्हणून आण्णा त्याला रोज बजावतात, डुकराऐवजी माणूस चिकटतो.

तिकडची डुकरं गोऱ्या लोकांनी १७८८ पासून नेलेली, पाळीव होती ती सुटून रानटी झाली. ऊस आडवा करून चघळतात, केळीत घुसतात, आणि केळीचं दुखणं वेगळंच आहे. आमच्या जवळ टुलीला २०१५ मधे पनामा रोगाचा, म्हणजे केळीच्या मर रोगाचा, नवा प्रकार सापडला, तो मातीतनं पसरतो, आणि डुक्कर म्हणजे चार पायांवर चालणारा चिखल. तिथं कायदा असा की तुझ्या रानात डुक्कर असेल तर त्याचा बंदोबस्त करणं तुझ्यावर बंधनकारक. पकडायची रीतपण शिकण्यासारखी आहे. जाळीचा मोठा गोल वाडा उभा करतात, दार उघडं, आत मळीत भिजवलेलं धान्य नाहीतर टाकाऊ केळी, आणि आठ दहा दिवस नुसतं खायला घालतात. कॅमेरा लावलेला असतो, कळपात किती आहेत ते मोजून ठेवतात, आणि शेवटचं डुक्कर आत येईपर्यंत दार पाडत नाहीत, हाताला कितीबी खाज सुटली तरी. कारण एक म्हातारी डुकरीण बाहेर राहिली तर ती आयुष्यभर पिंजऱ्याजवळ फिरकत नाही आणि पिल्लांनाही येऊ देत नाही. मोठ्या रानात हेलिकॉप्टरमधनं गोळ्या घालतात. म्हणतात की वर्षाला ७० टक्के तरी मारली पाहिजेत, नाहीतर परत तेवढीच होतात.

दादा म्हणाला, "मंग असला वाडा आपल्याकडं घालायला काय हुतंय?"

काय होतंय म्हणजे, आपलं डुक्कर इथलंच आहे. साडी बांधायच्या आधीपासून, उसाच्या आधीपासून. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, मारायचं तर वनखात्याची परवानगी, नुकसान झालं तर पंचनामा. हे मी दादाला समजावून सांगायला गेलो आणि मलाच लाज वाटली, कारण मी तिकडं पंख्याखाली झोपतो आणि तो माळ्यावर. माझं स्वतःचं मत विचाराल तर भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळाली तर निम्मी भांडणं मिटतील. दादाचं मत इथं लिहिण्यासारखं नाही.

उलट माझ्या वर्कशॉपच्या मालकाला आपलंच काहीतरी अजब वाटतं. शिराळ्याकडं उसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली की ती तिथंच रानात ठेवून, माणसं लांब करून, रात्री आई येऊन घेऊन जाईल म्हणून वाट बघतात, हा व्हिडिओ मी त्याला दाखवला. तो दोनदा बघितला आणि विचारलं, ह्या उसात माणसं परत तोडायला जातात? म्हटलं दुसऱ्या दिवशी. मग त्यानं चहा केला, जो तो कधी करत नाही.

बादली निम्म्याच्या वर भरली होती. लाईट आली. आण्णा सगळं ऐकून घेऊन बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हंजी बेडूक आणायच्या आदी त्यास्नी झाड हलवायचं सुचलं न्हाय व्हय?"

परत आल्यावर हा प्रश्न मी म्हातारबांना जसाच्या तसा विचारला. ते म्हणाले, सुचलं होतं की. त्यांच्या लहानपणी जुनी माणसं सांगायची, बेडकाच्या आधी पोरं झाडं हलवून भुंगेरे गोळा करायची आणि साखर कारखाने त्याचे वजनावर पैसे द्यायचे.

रविवारी आण्णांना फोनवर हे सांगितलं. पलीकडं जरा वेळ शांतता, मागं दादा काहीतरी पुटपुटला, मग आण्णा म्हणाले, "किलोला किती म्हनला?"