किबालेचे चिंपांझी, त्यांचा हिवताप आणि जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये १८ वर्षं स्लाइडी बघतेय, पावसाळ्यात तर रोजच, त्यामुळे पीएफचा (हिवतापाच्या फाल्सिपेरम या परजीवीचा) केळ्यासारखा वाकडा क्रेसेंट माझ्या डोळ्यांना पटकन सापडतो. तोच क्रेसेंट चिंपांझीच्या रक्तातही दिसतो हे वाचलं तेव्हापासून युगांडाला जायचं डोक्यात होतं, यंदा जूनमध्ये नवऱ्याला घेऊन जाऊन आले.

आधी कामाचं. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यायलाच लागते, ती घेतल्याचं पिवळं कार्ड जाताना पण बघतात आणि भारतात परत येताना पण. ठरावीक केंद्रांवरच देतात आणि तिथेही ठरावीक वारी, म्हणून महिनाभर आधी अपॉइंटमेंट घ्या. व्हिसा ऑनलाइन, ५० डॉलर. मुंबईहून एंटेबेला थेट फ्लाइट आहे. एंटेबेहून फोर्ट पोर्टलपर्यंत गाडीने अख्खा दिवस धरा, तिथून किबालेच्या जंगलाचं कान्यांचू गेट जवळ आहे. चिंपांझींचं परमिट आम्हाला माणशी २५० डॉलर पडलं, ठरावीक वयाखालच्या मुलांना नेत नाहीत. पायमोजे पँटच्या वर ओढून घ्या, सफारी मुंग्या भयंकर चावतात.

दोनेक तास चाललो आणि वरून एकदम आरडाओरडा सुरू झाला, पानं हलायला लागली, अंजिराच्या झाडावर सात-आठ जण बसलेले. एक आई आणि पोटाला चिकटलेलं पिल्लू. तासभर मिळतो, मला तो पाच मिनिटांसारखा वाटला. निघताना वाटेवर ताजी विष्ठा दिसली तर बाकीचे बाजूने गेले, मी वाकून बघत राहिले, कारण वानरांच्या हिवतापाची ही सगळी गोष्ट खरं म्हणजे त्या विष्ठेतून उलगडली आहे.

जंगली वानराचं रक्त कोण काढणार, म्हणून बीट्रिस हान या संशोधिकेच्या टीमने आफ्रिकेतल्या ५७ ठिकाणांहून विष्ठेचे जवळपास ३००० नमुने घेतले आणि त्यातला परजीवीचा डीएनए वाचला. २०१० मध्ये निकाल आला. माणसाचा फाल्सिपेरम चिंपांझीकडून नाही तर पश्चिमेकडच्या गोरिलांकडून आलाय. त्याच कुळातल्या सहा जाती वानरांत आहेत, रायकेनोवाय, गॅबोनाय, बिलकॉलिन्साय चिंपांझीच्या आणि प्रीफाल्सिपेरम, अ‍ॅडलेराय, ब्लॅकलॉकाय गोरिलाच्या, आणि एकाच जंगलात राहूनही चिंपांझीचा गोरिलाला होत नाही की गोरिलाचा चिंपांझीला होत नाही. जंगली बोनोबोंमध्ये (चिंपांझीचे जवळचे भाऊबंद) तेव्हा काहीच सापडलं नव्हतं, पण २०१७ मध्ये काँगोच्या लोमामी नदीच्या पूर्वेला त्यांचाही स्वतःचा निघाला, लोमामिएन्सिस. मायक्रोस्कोपखाली रायकेनोवाय आणि फाल्सिपेरम माझ्यासारखीला वेगळे ओळखताच येणार नाहीत, म्हणजे आमच्या डोळ्यांना एक दिसतं तिथे डीएनए अख्खी वेगळी जात दाखवतो, हे मला आजही पचत नाही. २०१८ च्या जीनोम अभ्यासाचा अंदाज असा की माणसाचा फाल्सिपेरम साधारण ५० हजार वर्षांपूर्वी वेगळा व्हायला लागला.

किबालेतल्या कान्यावारा भागातले चिंपांझी ट्रायकिलिया रुबेसेन्स नावाच्या झाडाची कडू पानं खातात, कधी त्याच्या जोडीला माती पण. सॅब्रिना क्रीफ या संशोधिकेला आणि सहकाऱ्यांना त्या पानांत हिवतापाच्या जंतूवर चालणारी द्रव्यं मिळाली. आम्हाला ते खाताना काही दिसलं नाही, पण ते झाड दाखवा म्हणून गाइडला जरूर सांगा.

मास्क गळ्यात नको, नाकावर ठेवा, आणि सर्दी असेल तर सरळ परमिट सोडून द्या, कितीही पैसे गेले तरी. २०१३ मध्ये कान्यावारातल्या ५६ चिंपांझींपैकी ५ गेले आणि त्या साथीत सापडला तो आपल्याला साधी सर्दी करणारा ऱ्हायनोव्हायरस सी. त्यांचा हा हिवताप आपल्याला सहसा नाही लागत, आपली सर्दी मात्र त्यांना लागते आणि त्यात ते मरतात.

आता तुमच्यासाठी. युगांडात माणसांचा पीएफ भरपूर आहे आणि क्लोरोक्विन चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून दुसरी गोळी घ्या. आम्ही डॉक्सीसायक्लिन घेतली, ती जायच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत रोज, आणि बरं वाटतंय म्हणून मधेच बंद करायची नाही. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. संध्याकाळपासून पूर्ण बाह्या, डास पळवणारं डीईईटीवालं क्रीम, रात्री मच्छरदाणी.

आणि परतल्यावर ताप आला तर पहिलं वाक्य हेच, मी आफ्रिकेतून आलोय. लोक सांगत नाहीत, मग दोन दिवस व्हायरल म्हणून जातात आणि पीएफला दोन दिवस फार असतात. नवऱ्याला बाराव्या दिवशी कणकण आली, थिक आणि थिन दोन्ही स्मिअर (काचेवर रक्ताचा जाड आणि पातळ थर) मीच काढले, बराच वेळ मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन लेन्सखाली बघत बसले, काही नाही. एका निगेटिव्हवर थांबायचं नसतं म्हणून दुसऱ्या दिवशी परत काढले, तिसऱ्या दिवशी परत.