उरलेल्या वेळाचं काय?

सामना दाखवणं तसं सोपं असतं. कॅमेरे लावले, दोन समालोचक बसवले की बाकीचं काम खेळाडूच करतात. एकाच खेळाला वाहिलेल्या चॅनेलचा खरा कस लागतो तो मंगळवारी दुपारी अडीच वाजता, जेव्हा जगात कुठेच कुणी तो खेळ खेळत नसतं आणि पडदा मात्र काळा ठेवता येत नाही. अशा चॅनेलबद्दल प्रेक्षकांची जी मतं कानावर येतात, त्यातली बहुतेक या मंगळवारच्या दुपारबद्दलच असतात. सामना नीट दाखवला म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. तो तर दाखवायचाच असतो.

अमेरिकेत १७ जानेवारी १९९५ रोजी गोल्फ चॅनेल सुरू झालं. कल्पना जो गिब्स या केबल व्यावसायिकाची आणि पाठबळ नामवंत गोल्फपटू अर्नोल्ड पामरचं. १९९० साली अलाबामातल्या शोल क्रीक मैदानावर पीजीए चॅम्पियनशिप ही गोल्फची मोठी स्पर्धा झाली, तेव्हा पामर गिब्सकडे मुक्कामाला होता, ओळख तिथली. चोवीस तास गोल्फ! ऐकणाऱ्याला थट्टाच वाटावी. सुरुवातीला त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागत. ते काही जमेना, तेव्हा ते इतर चॅनेलांबरोबर नेहमीच्या केबलमध्ये आलं. पहिली थेट स्पर्धा दाखवली ती दुबई डेझर्ट क्लासिक. पीजीए टूर या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक गोल्फ स्पर्धामालिकेच्या केबलवरच्या प्रक्षेपणाचे एकहाती हक्क त्यांच्याकडे यायला २००७ उजाडलं. मधली वर्षं त्यांनी शिकवण्या, गप्पा, बातम्या आणि जुन्या स्पर्धा यांवर बराच संसार ओढला.

शिकवण्यांवरून गोल्फच्या प्रेक्षकांत सरळ दोन तट पडतात. जे स्वतः खेळतात त्यांना मनगट नेमकं कधी वळतं ते सावकाश, पुन्हा पुन्हा बघायचं असतं. जे फक्त बघतात त्यांचं म्हणणं, आम्हाला शिकायचं नाही, आम्हाला खेळ दाखवा. दोघंही पैसे सारखेच भरतात, त्यामुळे दोघांचंही खरं. मी गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही, तरी माझं मत शिकवण्यांच्या बाजूनं. एक माणूस अर्धा तास फक्त डाव्या मनगटाबद्दल बोलतो, आवाज न चढवता, कुणाशी न भांडता. टीव्हीवर हे आता दुर्मीळ आहे. माझी तक्रार आहे ती रात्री उशिराच्या लांबलचक जाहिरातींबद्दल. प्रत्येक नवी काठी चेंडू आधीपेक्षा लांब पाठवते म्हणे. त्या सगळ्या काठ्यांचे वाढीव यार्ड एकत्र केले तर चेंडू शेजारच्या गावात सापडेल.

बेसबॉलवाल्यांनी तर उद्घाटनालाच धाडस केलं. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचं चॅनेल, एमएलबी नेटवर्क, सुरू झालं १ जानेवारी २००९ ला. म्हणजे ऐन थंडीत, हंगाम संपून दोन महिने झालेले आणि पुढचा अजून लांब. पहिल्याच दिवशी दाखवायला सामना नाही. मग त्यांनी काढला ८ ऑक्टोबर १९५६ चा. न्यूयॉर्क यांकीजचा चेंडूफेक्या डॉन लार्सननं वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, टाकलेला ‘परफेक्ट गेम’: सत्तावीस फलंदाज आले, सत्तावीस परत गेले, पहिल्या बेसवरसुद्धा कुणी पोचला नाही. त्या वेळच्या प्रक्षेपणाची कृष्णधवल फिल्म, तीही पहिली इनिंग हरवलेली. आणि सोबत गप्पा मारायला खुद्द लार्सन आणि त्याचे चेंडू झेलणारा कॅचर योगी बेरा.

उरलेल्या वेळाचं याहून चांगलं काही करता येत असेल असं मला वाटत नाही. पण सगळ्यांचं मत तसं नसणार, हेही उघड आहे. एका माणसाला जुना सामना म्हणजे शिळं वाटतं. त्याला आज कुठला खेळाडू कुठल्या संघात चाललाय ते हवं असतं. त्याच्यासाठी सूट घातलेली चार तज्ज्ञ मंडळी काचेच्या टेबलाभोवती बसून, अजून न झालेल्या अदलाबदलीवर हमरीतुमरीवर येतात. दुसऱ्या दिवशी तीच मंडळी, तीच अदलाबदल, फक्त टाय वेगळे. माझ्या मते या चर्चांपेक्षा मनगट बरं.

अमेरिकन फुटबॉलनं वेगळीच वाट काढली. तिथे रिकामा वेळच मुख्य कार्यक्रम होऊन बसला. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचं एनएफएल नेटवर्क २००३ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. हंगाम संपल्यावर, पुढे व्यावसायिक संघांत येऊ पाहणाऱ्या कॉलेजच्या पोरांची चाचणी असते, ती हे चॅनेल थेट दाखवतं. सामना नाही, प्रतिस्पर्धी नाही. अर्ध्या चड्डीतला एक धष्टपुष्ट मुलगा चाळीस यार्ड पळतो आणि कोपऱ्यात घड्याळ फिरतं. मग दुसरा मुलगा. लोक हे चवीनं बघतात आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावरून वाद घालतात.

एनएफएलच्याच रेडझोन या दुसऱ्या चॅनेलची गोष्ट मात्र प्रेक्षकांचं मन कळायला जास्त उपयोगी. २००९ पासून रविवारी जिथे गुण होण्याची शक्यता असेल त्या सामन्यावर उड्या मारत हे चॅनेल सलग सात तास चालतं, आणि या सात तासांत जाहिरात नाही हे निवेदक स्कॉट हॅन्सन कौतुकानं सांगायचा. २०२५ च्या हंगामात तिथे जाहिराती आल्या. त्या थोड्याच होत्या, पडदा विभागून खेळही बाजूला चालूच ठेवला होता. पण लोक खवळले ते खवळलेच. इतरत्र याच्या दहापट जाहिराती निमूट सोसणारी ही माणसं. पण ते वाक्य त्यांनी शब्द दिल्यासारखं धरून ठेवलं होतं. यात मी पूर्णपणे प्रेक्षकांच्या बाजूचा. षटकाचा सहावा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात स्थिरावायच्या आत जाहिरात सुरू झालेली ज्यानं पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

टेनिसचं दुखणं उलटं. तिथे रिकामा वेळच कमी. जवळजवळ वर्षभर कुठल्या ना कुठल्या खंडात स्पर्धा चालू, एकेका स्पर्धेत एकाच वेळी अनेक कोर्टं. टायब्रेक रंगात आलेला असतो आणि चॅनेल दुसऱ्या कोर्टावर पळतं, कारण तिथे कुणीतरी नामांकित खेळाडू सरावाचे चेंडू मारतोय. शिवाय चार मोठ्या स्पर्धांचे हक्क बऱ्याचदा भलत्याच मोठ्या चॅनेलांकडे. २०१० साली अमेरिकेतल्या टेनिस चॅनेलनं कॉमकास्ट या केबल कंपनीविरुद्ध सरकारी आयोगाकडे धाव घेतली होती. कॉमकास्टनं स्वतःच्या मालकीचं गोल्फ चॅनेल सर्वांच्या घरी दिलं आणि टेनिसला जादा पैशांच्या कप्प्यात टाकलं, अशी तक्रार. २०१२ मध्ये आयोगानं टेनिसच्या बाजूनं निकाल दिला, २०१३ मध्ये न्यायालयानं तो फिरवला. गोल्फ बघणाऱ्यांना या भानगडीचा पत्ताही नसेल. टेनिसवाले जादा पैसे भरत राहिले.

एवढं सगळं मी समजून घेऊ शकतो. पुनर्प्रक्षेपण करा, चर्चा करा, काठ्या विका. पण पडद्याच्या खाली जी निकालांची पट्टी सरकते, तिचं काय? दहा खेळ दाखवणाऱ्या चॅनेलवर निदान मधे हॉकी येते, सायकली येतात. इथे सगळे निकाल एकाच खेळाचे. म्हणजे रात्रीचा सामना सकाळी निवांत बघायला बसावं, तर पहिल्या सेटमध्येच खालून कळतं की हा गडी तिसऱ्या सेटमध्ये हरलेला आहे. यावर मी उपाय म्हणून टीव्हीच्या खालच्या कडेला वर्तमानपत्राची घडी लावून बसतो. परवा ती नीट बसली होती. तेवढ्यात मध्यंतरात निवेदिका आली, छान हसली आणि म्हणाली, थोड्याच वेळात विजेत्याची मुलाखत; आणि त्याचं नावही सांगितलं.